शेवटच्या रेच्याची कबुली

मी रेचा बोलतोय. कापसातली सरकी वेगळी काढणारं लोखंडी यंत्र. मोताळ्याला माणिकरावांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही चोवीस रेचे एका रांगेत उभे होतो. मी अगदी शेवटचा, भिंतीला पाठ लावलेला. शेवटच्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि पाठी पाहून पाहून मन संशयी होतं. माझंही झालं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या या खोडीचाही वाटा आहे.

माझा जन्म विलायतेत झाला म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते मलकापूरचं स्टेशन, तिथून बैलगाडीचा खडखडाट, आणि जिनाच्या दारात मला उतरवणाऱ्या हमालांच्या शिव्या.

माझा संसार साधा. एक चामड्याचा रूळ, त्याला खेटून एक पातं, आणि खालीवर नाचणारं दुसरं पातं. समोर बसलेली बाई मूठमूठ कापूस घालते, रूळ रुई, म्हणजे सरकीवरचे तंतू, ओढून घेतो आणि नाचरं पातं सरकीला टपली मारून खाली पाडतं. आम्हा चोवीस जणांना फिरवणारं इंजन मात्र एकच. छताखालून एक लांब लोखंडी दांडा जायचा आणि त्यावरून प्रत्येकाला एकेक पट्टा. इंजन दांडा फिरवी, दांडा आम्हाला फिरवी. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

माझ्यासमोर चांगुणा बसायची. अकरा हंगाम तिनंच मला भरवलं. नाकातोंडाला फडकं बांधून ती शेजारणीशी डोळ्यांनी बोलत असायची आणि हात आपला आपण येत असायचा. तिला माझ्याकडं पाहावंही लागत नसे. मला मात्र तिच्याकडं पाहावं लागे, कारण मला कुणाचाच भरवसा नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. माणिकराव मूळचे कापसाचे शेतकरी, पुढं जिनाचे मालक झालेले. दिवाळीच्या सुमाराला ते खामगावला गेले आणि तिथं दोन रुळांचा नवा रेचा पाहून आले. आल्या आल्या त्यांनी आमच्या फिटरला, इंद्रभानला, बोलावलं.

"इंद्रभान, नवे दोन आनतो. पन हे चोवीस बंद नाई करायचे. जुनं काम जसं चालू हाये तसं चालू राहीन. नवे बाजूनं लावू, शिकू, मंग पाहू."

"हाव मालक," इंद्रभान म्हणाला.

बोलणं शहाणपणाचं होतं. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. मालक जेव्हा "बंद नाई करायचे" असं कुणी न विचारता सांगतो, तेव्हा बंद करायचा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेलेला असतो.

नवे दोघे आले. अंगाला हिरवा रंग, वास अजून ओला. इंजनाच्या बाजूला दांड्याचा एक तुकडा मोकळा होता, तिथं त्यांना पट्टे चढवले. इंद्रभान दिवसभर त्यांच्यापाशीच असायचा. कधी पातं घासून बघ, कधी रूळ आवळ, कधी कागदावरचं चित्र उलटंसुलटं धरून बघ. आमच्या बाजूला तो चार दिवसांत एकदा फिरकला, तोही माझ्याजवळ ठेवलेला मोठा पाना न्यायला. मी त्याच्याकडं पाहून मनातल्या मनात दात खाल्ले.

आठ दिवस झाले नाहीत तोच आमच्याकडची रुई कमी पडू लागली. गाड्या दारात तुंबल्या. पार सुलतानपूरहून आलेले लोक कापसाच्या गाड्यांखाली सावलीला बसून राहू लागले. माणिकराव रांगेतून हात मागं बांधून फिरू लागले आणि प्रत्येक बाईच्या हाताकडं बघू लागले.

मग मीही बघू लागलो. आणि काय सांगू, मला दिसलं! चांगुणाचा हात माझ्या तोंडाशी यायचा आणि थबकायचा. क्षणभरच, पण थबकायचा. अकरा हंगामात असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, अस्सं! ही बाईसुद्धा फितली. नव्यावर जागा मिळावी म्हणून मला उपाशी ठेवते आणि जुना रेचा कामाचा राहिला नाही असं मालकाला दाखवते. राग इतका आला की त्या दिवशी माझा पट्टा दोनदा निसटला.

बुधवारी दुपारी माणिकराव रांगेसमोर उभे राहिले आणि इंजनाच्या वर आवाज चढवून ओरडले.

"नवं यंत्र आलं म्हून तुमच्या पोटात दुखून राह्यलं! मुद्दाम हात आखडून राह्यल्या तुमी! कामचोर सगळ्या!" मग बोट माझ्याकडं, म्हणजे चांगुणाकडं. "सगळ्यात कमी रुई या शेवटच्याची. शनवारपासून इथं दुसरी बाई बसन."

मी खूश झालो. होय, झालो, खोटं कशाला बोलू?

चांगुणा उठली. तोंडावरचं फडकं तिनं खाली ओढलं. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही.

"मालक, हात आखडला नाई. हात येते त्याच चालीनं. पन हात तोंडाशी येते तं याच्या तोंडात पह्यला घास तसाच हाये. मी कुठं कोंबू?"

"म्हंजे रेचा बिघडला?"

"एकच बिघडला असता तं मी काऊन बोलली असती? सगळ्या बायाईले इचारा. त्या नव्या दोघाईले घटकाभर बंद करा, मंग पाहा."

मालकांनी इंद्रभानकडं पाहिलं. इंद्रभान माझ्याजवळ आला, खडूनं माझ्या रुळाच्या टोकावर रेघ मारली आणि मालकांचं घड्याळ मागून घेतलं. नवे चालू असताना मिनिटाला ब्याऐंशी फेरे भरले. मग त्यानं नव्यांचे पट्टे उतरवले आणि पुन्हा मोजलं. पुरे शंभर. चांगुणा खाली बसली, नजर दुसरीकडं ठेवून मूठ पुढं केली. हात आला आणि पातं त्याच वेळी उघडलं. कुठं थबकणं नाही, काही नाही.

तेव्हा मला कळलं. थबकत होता तो तिचा हात नव्हता. मी मंदावलो होतो. दोन नव्यांचं ओझं त्याच इंजनावर आलं होतं आणि त्याचा दम अपुरा पडत होता. दांडा मंद, म्हणून आम्ही चोवीसच्या चोवीस मंद. सगळेच सारखे मंदावल्यामुळं कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. त्यात माझा पट्टा निसटायचा, म्हणून मी सर्वांत मागं.

"तुले हे दिसलं नाई?" मालक इंद्रभानवर खेकसले.

"मालक, मी दिसभर त्या दोघाईपाशी. इकडं पाहाले मले येळच कुठं ठेवला तुमी?"

माणिकराव दांड्याकडं बघत म्हणाले, "नवे तिकडं टिनाच्या छपराखाली हलव. त्याईले वेगळं इंजन पाह्यतो. ते येईपर्यंत नवे बंद राहू दे. अन् सकाळची पाळी तू इकडं, दुपारची तिकडं." मग जरा नरम आवाजात, "चांगुणा, तुह्या हाताले चाल समजते. नव्यावर तूच बस. नवं कसं भरवायचं ते बाकीच्याईले शिकव."

"बसीन," चांगुणा म्हणाली. "पन आमाले कामचोर म्हनलं, ते वापस घ्या. इथंच, सगळ्याईसमोर."

माणिकरावांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हिला हाकलून देतात. पण त्यांनी हात वर केला आणि इंद्रभाननं इंजन बंद केलं. भर हंगामात, दारात गाड्या तुंबलेल्या असताना! असं मी कधी पाहिलं नव्हतं. पट्टे लोंबले, धूळ खाली बसली, आणि त्या शांततेत मालक म्हणाले, "चुकलं माह्यं. तुमी कोनी कामचोर नाई."

चांगुणानं फडकं तोंडावर ओढलं आणि इंजन पुन्हा सुरू झालं.

त्याला आता सहा वर्षं होऊन गेली. नवे दोघे टिनाखाली नीट चालले, मग चार झाले, सहा झाले. आमच्यातले एकेक उतरवले गेले, पण घाईनं नाही. नव्याचं काम बसलं की जुना एक कमी, असं. आता आम्ही पाचच उरलो आहोत. मोताळ्याचा बाजार भरला आणि गाड्या फार झाल्या की आम्हाला चालवतात. नव्या बायका मला भरवतात. त्यांचे हात थबकले तर मी आधी माझ्या रुळाकडं पाहतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या दिवशी इंजन बंद होतं तेव्हा मालकांनी आपली चूक कबूल केली. चूक माझीही होती आणि मला तोंडही आहे, पण ते फक्त कापूस खायचं. पुढं नव्यांचं इंजन आलं तेव्हा चांगुणा उठून टिनाकडं निघाली, माझ्या जवळून गेली, आणि मी गप्प उभा राहिलो. म्हणून तुम्हाला एवढं सगळं सांगितलं. ती मोताळ्यातच असते. कुणी भेटलं तर तिला सांगा, शेवटच्या रेच्यानं तिच्यावर संशय घेतला होता, आणि तो चुकला.