सहावं फडकं

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. हा वास डिझेलचा आहे, माझा नाही. ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमधलं मी एक जुनं फडकं. तुम्ही मला ‘ते’ म्हणाल, पण मी जन्माने शर्ट आहे आणि स्वतःला अजून ‘तो’च समजतो. एवढी ऐट तरी मला राहू द्या.

माझा जन्म याच गॅरेजच्या मागच्या खोलीत झाला. पुढे मिस्त्रींचं गॅरेज, मागे त्यांच्या पत्नीचं शिवणयंत्र आणि मधल्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी, असा त्यांचा संसार आहे. बाई लोकांचे कपडे शिवतात. एकदा त्यांनी मिस्त्रींसाठी गुपचूप कापड आणलं. रंग पोपटी, आणि त्यावर बशीएवढाली नारिंगी फुलं. खिसा त्यांनी मुद्दाम खोल केला आणि त्यात पेन्सिलीसाठी वेगळा कप्पा शिवला, कारण मिस्त्री पेन्सिल कानावर ठेवतात आणि दिवसभर ती शोधत फिरतात. शेवटचं बटण लावून झालं तेव्हा बाईंनी मला हातभर लांब धरून कितीतरी वेळ पाहिलं. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मिस्त्री मला पाहून “छान आहे” म्हणाले. इंजिनाचं काही खरं नाही हे कळल्यावर ते गिऱ्हाइकाला धीर देतात ना, त्याच आवाजात. महिनाभर मी कपाटात घडी घालून पडलो होतो. मग एका दुपारी बाई बाजारात गेलेल्या असताना मिस्त्रींनी कात्री घेतली आणि माझे सहा तुकडे केले. बाईंना सांगितलं, शर्ट दोरीवरून वाऱ्याने उडून गेला. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. बाईंनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

सहांपैकी खिशाचा तुकडा म्हणजे मी. आठ दिवसांत काळ्या तेलाने आम्ही सगळे एका रंगाचे झालो आणि कामाला लागलो. मिस्त्रींचा आमच्यावर फार जीव. सकाळी आल्याबरोबर पहिला हात आम्हालाच लागायचा.

वर्षभराने ट्रकवाल्या मावशी आल्या. साठीच्या आहेत, पण स्वतःचा ट्रक स्वतः चालवतात. त्या चढावर दमत नाहीत, ट्रक दमतो. त्या डोंगरावरच्या गावाला रोपवाटिकेतली रोपं पोचवायच्या. मागच्या खेपेला ट्रकने चढावर इतका वेळ घेतला की दुपारच्या उन्हात निम्म्या रोपांनी माना टाकल्या. मालकाने बजावलं, की आता एकच संधी, पुन्हा असं झालं तर दुसरा ट्रक बघतो. आणि ती खेप त्याच संध्याकाळी निघायची होती.

उपाय होता टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्याचं चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. पण जुन्या इंजिनाला टर्बो बसवायचा तर इंजिनाच्या सहाही भोकांतला धूर गोळा करणारा बिडाचा जाडजूड पाइपच बदलावा लागतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मावशींनी टर्बो आणि त्याचा मॅनिफोल्ड दोन्ही पोत्यात घालून आणले होते.

जुना मॅनिफोल्ड बारा नटांवर बसलेला होता, आणि नटांवर पंचवीस वर्षांचा गंज. अकरा नट तेल पाजून आणि गॅसची आच देऊन सुटले. बारावा हटून बसला. मावशींनी त्याची समजूत काढली, मिस्त्रींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तिसऱ्यांदा आच लागल्यावर तो कुरकुरत फिरला. मॅनिफोल्ड उतरला, इंजिनाची सहा भोकं उघडी पडली आणि आमची पाळी आली.

मिस्त्रींचा नियम आहे, उघडं भोक दिसलं की फडक्याने बुजवायचं, नाहीतर एखादा नट किंवा गंजाचा पोपडा आत जातो. काम झालं की आम्हाला पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि इंजिन सुरू करण्याआधी मोजायचं. तीस वर्षांत त्यांचं एकही फडकं इंजिनात राहिलेलं नाही, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगतात.

आम्हाला बसवून मिस्त्री नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर निसटू नये म्हणून मध्ये घालायची पट्टी, आणायला दुकानात गेले. मावशी केबिनमध्ये डुलकी काढत होत्या. तेवढ्यात बाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. माझा खिसा भोकातून बाहेर लोंबत होता. बाईंनी वाकून त्यात बोट घातलं. पेन्सिलीचा कप्पा लागला. मित्रांनो, रंग ओळखू येत नव्हता, पण आपल्या हातची शिवण कुणाला कळत नाही? त्यांनी मला ओढून काढलं, मागे नेलं, गरम पाण्यात तीनदा साबण लावून धुतलं आणि दोरीवर अगदी दारासमोर वाळत घातलं. मग त्या यंत्रावर जाऊन बसल्या. भांडायचं त्यांच्या मनात नव्हतं. मिस्त्रींनी मला पाहावं आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा आपण पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण मिस्त्री मागे आलेच नाहीत. ते परतले आणि जाग्या झालेल्या मावशींशी वाद घालू लागले, की ट्रक जुना झाला की मावशींनी जुना केला. त्या भरात त्यांनी फडकी उपसून डब्यात फेकली. पाच निघाली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गॅस्केट लागलं, नवा मॅनिफोल्ड चढला. तो वाकू नये म्हणून मिस्त्रींनी मधल्या नटांपासून कडेपर्यंत थोडं थोडं करत बाराही नट आवळले. टर्बो बसला, त्याची तेलाची नळी जोडली. मावशींनी किल्ली हातात घेतली. मिस्त्रींनी डबा उपडा करून फडकी मोजली.

पाच. पुन्हा मोजली. पाचच.

मावशी म्हणाल्या, चिंधीच ती, जळून धुरासोबत जाईल. मिस्त्रींनी सांगितलं, जळायच्या आधी ती टर्बोच्या चक्रात अडकेल आणि टर्बोच जाईल. त्यांनी पुन्हा पाना उचलला. बाराही नट काढले, मॅनिफोल्ड उतरवला, हलवला, त्यात फुंकलं. टॉर्च आणि आरसा घेऊन भोकं तपासली. त्यात मी कुठे सापडणार? मी दोरीवर होतो. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं, आणि जिवाच्या आकांताने फडफडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. फडकं इंजिनाच्या पोटात उतरलं असेल तर सगळं वरचं डोकं उतरवायला हवं, म्हणजे दोन दिवस. मावशी किल्ली मुठीत धरून पायरीवर बसल्या.

चार वाजता मिस्त्री मागे आले. बरोबर माझ्या खाली उभे राहिले. माझ्या खोल खिशात साठलेलं पाणी त्यांच्या टकलावर टपटपलं, ते त्यांनी घाम समजून पुसलं.

“आज मला जेवण नको,” ते म्हणाले. “फडकं हरवलंय. तू डबा ठेवायला आलीस तेव्हा दिसलं का?”

“कसलं?” बाईंनी यंत्र न थांबवता विचारलं.

“जुनं आहे.”

“रंग?”

“काळा.”

“काळा व्हायच्या आधीचा?”

मिस्त्रींनी पांढरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी दारातून मावशींकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

“पोपटी,” ते म्हणाले. “शर्ट उडाला नव्हता. मीच फाडला. ती फुलं अंगावर घेऊन गिऱ्हाइकासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. आणि तू इतक्या हौसेनं शिवलेला, तर तुला सांगायची त्याहून झाली नाही.”

यंत्र थांबलं.

“वर बघा,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी वर पाहिलं. त्यांनी मला दोरीवरून ओढलं आणि ओलाच गालाला लावलं. मग हे आपण बायकोसमोर करतोय हे लक्षात येऊन ते ओशाळले.

बाई हसू दाबत म्हणाल्या, “शर्ट म्हणून एक दिवस अंगात घातला नाहीत, आणि फडकं म्हणून वर्षभर हातातून सोडला नाहीत. जाऊ दे. मला विचारलं असतंत तर राखाडी शिवला असता. चला, गॅस्केट मी धरते, तुम्ही नट आवळा.”

नशिबाने मिस्त्रींनी गॅस्केट दोन आणली होती. बाईंनी दुसरं असं नीट धरलं की जणू कॉलरच बसवतायत. सहा वाजता मावशींनी किल्ली फिरवली. ट्रक खोकला, शिंकला, आणि मग त्या टर्बोने अशी बारीक शीळ घातली की मावशींनी खिडकीतून बाहेर वाकून तीच आपली गाडी ना, हे पाहिलं. सकाळी त्यांचा फोन आला. ऊन पडायच्या आत रोपं डोंगरावर पोचली होती, आणि एकानेही मान टाकली नव्हती.

मित्रांनो, मी पुन्हा डब्यात आहे आणि मजेत आहे. माझी एवढीच विनंती, की तुमच्याही कपाटात न आवडलेलं काहीतरी घडी घालून पडलं असेल. त्याला कात्री लावण्याआधी, ज्याने ते केलं त्याला एकदा सरळ सांगा. मिस्त्रींना ते सांगायला पूर्ण एक वर्ष लागलं, आणि बारा नट दोनदा उघडावे लागले.