चौथ्या पानावरची ओळ

छायाच्या रागाला सिन्नरच्या एमआयडीसीत सगळेच वचकून असत. स्विच बनवणाऱ्या कारखान्यात ती शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसायची. खोक्यात माहितीचा कागद नसला की अख्खा लॉट परत पाठवायची, मग दारात ट्रक उभा असो की साहेब. "ज्याच्या घरात हे बसणार हाय, त्याला कळायला नको का?" एवढंच म्हणायची आणि पुढचं खोकं ओढायची.

तिचा धाकटा भाऊ हर्षल नेमका उलट्या स्वभावाचा. नाशिकला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता, रोज एसटीने जाऊन-येऊन. कंडक्टरची अशी नक्कल करायचा की खुद्द कंडक्टर तिकिटं फाडायची विसरून हसत बसायचा. पण दोन वर्षांपासून त्याच्या गालांवर, हनुवटीवर गाठी उठायला लागल्या होत्या. साध्या पुटकुळ्या नव्हेत, ठणकणाऱ्या, पू धरणाऱ्या गाठी. सकाळी उशीच्या अभ्र्याला रक्ताचे डाग असायचे. मुलतानी माती झाली, कडुलिंब झाला, मेडिकलवाल्याने दिलेली मलमं झाली. वर्गातली पोरं त्याला 'स्ट्रॉबेरी' म्हणायला लागली. फोटो काढायचा म्हटलं की हर्षल कुणाच्या तरी पाठीमागे सरकायचा.

शेवटी डिसेंबरात छायाच त्याला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये घेऊन गेली. दीड तास थांबल्यावर पाच मिनिटं मिळाली. डॉक्टरांनी दिव्याखाली चेहरा बघितला आणि आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. "सहा महिने घ्यायच्या. ओठ सुकतील, उन्हात फिरू नका, दर महिन्याला रक्त तपासून या. चेहरा काचेसारखा होईल."

आणि झालाही. फेब्रुवारी संपेपर्यंत गाठी बसल्या, नवीन येणं थांबलं. आई तर कौतुकाने त्याच्या गालावरून हात फिरवायची.

पण हसणं गेलं. आधी नकला बंद झाल्या, मग बोलणं. ताटात भाकरी तशीच राहायची. पहाटे तीनलाच डोळे उघडायचे आणि मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा आईने नुसतं "चहा घेतोस का?" विचारलं, तर त्याच्या डोळ्यांना धार लागली. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन हाय. छायाला वाटलं, एखाद्या पोरीचं प्रकरण असेल. वैतागून ती त्याला म्हणाली, "आता तर चेहराबी सुधरला. तरी सुतकात बसल्यावानी का बसतोस?"

हर्षलने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला.

"ताई, माझ्या मोबाइलचा पासवर्ड लिहून ठेव. आणि बँकेचं पासबुक आईच्या ट्रंकेत हाय."

"का रे? कुठं चाललास?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

छायाने सुपरवायझरला विचारलंसुद्धा नाही. कानाला फोन लावूनच ती पार्किंगपर्यंत पळाली. "बोलत राहा माझ्याशी. काहीबी बोल, पण फोन ठेवायचा नाय," असं बजावत तिने मोबाइल हेल्मेटमध्ये कानाशी खोचला आणि स्कूटी घराकडे दामटली. हर्षल पलंगावर बसला होता. पंखा बंद, खिडक्या बंद, अंगावरचा शर्ट घामाने भिजलेला. तिला बघितल्यावर तो लहान पोरासारखा रडला.

"मी काय करणार होतो, मलाच माहीत नाही, ताई. रोज तेच डोक्यात येतं. तू आलीस, बरं झालं."

त्या दिवसापासून दोन आठवडे त्याला घरात कुणी एकटं सोडलं नाही. दुसऱ्याच सकाळी छाया आणि आई त्याला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या मानसोपचाराच्या बाईंनी पाऊण तास त्याचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. छायाने पर्समधून कापलेली स्ट्रिप काढली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"याच्यामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. कुणालाच सांगता येत नाही. खूप जणांना काहीसुद्धा होत नाही, उलट चेहरा सुधारल्यावर मनही सुधारतं. पण काहींचं मन असं खाली जातं, म्हणून लक्ष ठेवायला सांगतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," छाया म्हणाली.

बाईंनी स्वतः त्या डॉक्टरांना फोन लावला, कॅप्सूल थांबवल्या, दुसरं औषध सुरू केलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. हर्षलला आईबरोबर सिन्नरच्या गाडीत बसवून छाया थेट कॉलेज रोडला गेली.

काउंटरवरची मुलगी "अपॉइंटमेंट?" म्हणेपर्यंत ती आतल्या केबिनच्या दारात उभी होती.

"गोळ्या सुरू झाल्यावर माझ्या भावाला तुम्ही तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा रक्ताचा रिपोर्ट बघितला. एकदा तरी विचारलंत, बाबा, तुला कसं वाटतंय?"

डॉक्टरांनी समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. "फोनवर कळलं मला. वाईट वाटलं. पण हे बघा, हजारो पेशंट हे औषध घेतात. नैराश्याशी संबंध आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"नसेल झालं. मग सांगायला काय जीभ झडली असती का? आमच्याकडं साधा स्विच कागदाशिवाय बाहेर जात नाही. तुम्ही तर माणसाच्या पोटात घालायचं औषध दिलंत!"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बेल दाबून फाइल मागवली आणि टेबलावर तिच्यासमोर सरकवली. इंग्रजीतलं सात पानांचं संमतीपत्र होतं. चौथ्या पानावर एक ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण: मनःस्थितीत बदल, नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे पेशंटला समजावून सांगितले आहे. शेवटच्या पानावर हर्षलची वळणदार सही.

"ही खूण कुणी केली?"

"स्टाफ करतो."

"आणि समजावलं कुणी?"

डॉक्टर फाइलची पानं सारखी करायला लागले. छायाची नजर हर्षलच्या सहीवर गेली. तिला तो काउंटर आठवला. हर्षल पानं उलटत उभा होता आणि मागून तीच ओरडत होती, "अरे कर की सही! मला सेकंड शिफ्ट हाय, बस जाईल."

"झेरॉक्स द्या याची," ती कशीबशी म्हणाली.

सिन्नरपर्यंत बसमध्ये तिने तो कागद मुठीत आवळून धरला होता. डॉक्टरचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त. घरी आल्यावर तिने तो हर्षलपुढे टाकला.

"एवढ्या घाईत सही करायला लावली मी तुला. तुला वाचूबी दिलं नाय."

हर्षलने चौथं पान काढलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचलं होतं मी, ताई. तेव्हाच."

"काय?"

"आणि जानेवारीत डोकं फिरायला लागलं, तेव्हा आठवलंबी होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या बंद केल्या असत्या. पहिल्यांदाच मला कुणी स्ट्रॉबेरी म्हणत नव्हतं. बसमध्ये पोरं माझ्या शेजारी बसायला लागली होती. मला वाटलं, सहा महिने सोसू. मग डोकंबी येईल जागेवर."

छायाला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याच हाताने त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. मागच्या दाराला जाऊन धुण्याच्या दगडावर आईची आधीच धुतलेली चादर पुन्हा आपटायला लागली. कुणावर चिडावं? न बोलणाऱ्या डॉक्टरवर, खूण करणाऱ्या स्टाफवर, स्ट्रॉबेरी म्हणणाऱ्या पोरांवर, की चेहरा बरा दिसला म्हणजे पोरगं बरं आहे असं धरून चालणाऱ्या स्वतःवर?

तिने वैद्यकीय परिषदेकडे रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली. पोहोच आली, पण उत्तर आलं नाही. हर्षलची परीक्षा बुडाली. मात्र एप्रिलच्या अखेरीला तो पुन्हा पोटभर जेवायला लागला, झोपायला लागला. गालावर दोन गाठी परत उठल्या होत्या.

मे महिन्यात घोटीला नात्यातली हळद होती. मांडवात नवसामावशीने त्याला अडवलं. "काय उजळलास रे! दोन पुटकुळ्या सोडल्या तर ओळखू येईना. डॉक्टरचं नाव सांग की. आमच्या तृप्तीलाबी न्यायचंय, पुढच्या वर्षी स्थळं बघायचीत."

छाया ताडकन उठली. पण तिच्याआधी हर्षलच बोलला.

"गोळीचं नाव सांगतो मावशी, पण आधी माझं ऐकून घे. मला तीन महिने रोज मरावंसं वाटत होतं. गोळीनं की कशानं, माहीत नाही. गोळी वाईट हाय असं नाही म्हणत. पण घेतली तर घरात कुणीतरी तिला रोज विचारायचं, कसं वाटतंय म्हणून."

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. मावशीने पदर सावरला. "अशा गोष्टी चारचौघांत बोलत्यात का रे? चल गं तृप्ती."

तृप्ती उठली नाही. तिने हर्षलच्या शेजारी खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, "दादा, पहिल्यांदा काय झालं तुला? झोप गेली का?"

"हो. आधी झोप," तो म्हणाला आणि सांगायला लागला.

मावशी फणकाऱ्याने पंगतीकडे निघाली होती. छायाने चपला पायात सरकवल्या आणि तिच्यामागे गेली. तिला मावशीशी बरंच बोलायचं होतं.