गारलंडला धरून ठेवलं ती दुपार

कोरीनच्या गालावरचा डाग पिवळा पडत आला होता. चर्चच्या तळघरात शेगडीपाशी बसून ती टोपी विणत होती आणि मधूनमधून केस पुढे ओढून गाल झाकत होती. तिची सासू लीया शेजारीच होती. तिनं डाग पाहिला होता आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. तिच्या पोराचा हात किती जड आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

नाताळ तोंडावर आला होता. गल कोव्ह गावच्या बायका दरवर्षी खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात प्रत्येकाला हातानं विणलेलं काहीतरी पाठवत. यंदा वादळांपायी आणि एफीच्या दुखऱ्या गुडघ्यापायी सगळं रखडलं होतं. म्हणून एका बैठकीत हातावेगळं होईल तेवढंच करायचं ठरलं. दोन पदरी जाड लोकर, बोटाएवढ्या जाड सुया, आणि टोप्या, कानपट्ट्या, मनगटपट्ट्या. पेटी सकाळच्या बोटीनं जायची होती.

"सुटलेला टाका राहू दे गं," एफी कोरीनला म्हणाली. "म्हाताऱ्या सायलसला डोकं झाकल्याशी मतलब."

"त्याला डोकं कधी होतं?" ट्रीफेना म्हणाली. तिचं त्या सायलसशी एकेकाळी लग्न ठरून मोडलं होतं, त्यामुळे सगळ्या हसल्या. ब्लांच तर इतकी हसली की तिची खुर्ची करकरली. ब्लांच मासळीच्या कारखान्यात पेट्या उचलायची, अंगानं चांगली भक्कम बाई.

कोरीन हसली नाही. ती लीयाकडे झुकली. लग्नाआधी सगळ्या गावासारखी तीही लीयाला आंटी म्हणायची, आणि लग्नानंतरही तेच राहिलं होतं.

"लीयाआंटी, मी उद्याच्या बोटीनं चालले. बहिणीकडे. परत यायची नाही."

लीयाचे हात थांबले. तिला आधी राग आला तो पोरीचाच. सणाच्या तोंडावर घर मोडून निघाली म्हणून. मग पोरीनं केस मागे सारले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं, तेव्हा लीयाला मान खाली घालावी लागली.

"त्याला ठाऊक आहे?"

"तुम्ही सांगाल तर होईल."

"मी कशाला सांगू," लीया म्हणाली. "घट्ट ओढू नकोस एवढं. सैल धर. लोकर काही पळून जात नाही."

पण गल कोव्हसारख्या गावात बोटीवर जागा धरली की धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कळतं. थोड्या वेळानं जिन्यावर बूट वाजले आणि लीयाचा पोरगा गारलंड खाली आला. खांद्यावर बर्फ, टोपी हातात. तो प्यायलेला नव्हता. लीयानं पहिलं तेच पाहिलं, कारण आजवर तिनं सगळं दारूवर ढकललं होतं.

"ऊठ," तो कोरीनला म्हणाला. आवाज हळू होता.

"माझं काम चाललंय, गारलंड."

"बोटीवर जागा कुणाच्या नावानं आहे?"

"माझ्या," कोरीन म्हणाली.

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. कप उडाले, चहा लोकरीवर सांडला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ट्रीफेना त्याच्या हाताला लोंबकळली. त्यानं कोपर मागे हाणलं, तशी तिची कवळी उडाली आणि ती तोंड धरून भिंतीशी बसली. एफी काठीनं त्याच्या पाठीत मारत राहिली, पण काठीत जोर नव्हता. कोरीन खुर्चीवरून घसरून खाली पडली आणि गारलंड तिला लाथा घालू लागला. तो ओरडत नव्हता. गाठोडं बाजूला सारावं तसा तो तिच्या बरगड्यांवर बूट मारत होता.

"गारलंड," लीया म्हणाली.

"आई, तू मधे पडू नकोस."

लीयानं शेगडीजवळची लोखंडी सळई उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. पहिला फटका आईनं पोराला मारावा तसा होता. त्यानं वळून तिचं मनगट धरलं आणि पिळलं. आत काहीतरी तुटलं. क्षणभर तोच दचकला, तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला. मग तिला शेगडीवर ढकलून तो पुन्हा कोरीनकडे वळला.

लीयाची बाही जळत होती. तिनं ती अंगावर घासून विझवली, सळई डाव्या हातात घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. यावेळी तिनं हात राखला नाही. गारलंड किंचाळून आडवा झाला आणि ब्लांच धावत येऊन त्याच्या पाठीवर बसली.

"हात धरा याचे," ब्लांच म्हणाली. "दोन्ही. आणि काहीतरी आणा बांधायला."

हाताशी लोकरच होती. एफीनं गुंडा उलगडून त्याच्या मनगटांना वेढे दिले, देतच राहिली. जाड लोकर, कितीही ओढली तरी तुटेना. मग ती त्याच्या पायांवर बसली. ट्रीफेना रक्ताळलेल्या तोंडानं वर जाऊन पोलिसांना फोन करून आली.

"माळावरचा रस्ता बंद आहे," ती म्हणाली. कवळी नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते. "बर्फ काढणारी गाडी पुढे, पोलीस मागे. धरून ठेवा म्हणाले."

"कधीपर्यंत?"

"ते सांगितलं नाही."

गावातले धडधाकट बाप्ये बहुतेक मुख्य भूमीवर कामाला गेले होते. उरलेल्यांत गारलंडचे मित्र होते, त्यांना बोलवायला कुणी तयार नव्हतं. ट्रीफेनानं दाराला आतून कडी घातली. कोरीन भिंतीला टेकून बसली होती, नाकावर बर्फाची पुरचुंडी. श्वास घेताना ती कण्हत होती.

गारलंडनं आधी धमक्या दिल्या. एकेकीचं घर जाळीन म्हणाला, एफीला लंगडी कुत्री म्हणाला.

"लंगडी तर लंगडी," एफी म्हणाली. "बसलेय की नाही तुझ्यावर?"

मग तो रडू लागला. "आई, गुडघा फुटलाय. हाताला मुंग्या येतायत. जरा सैल कर ना गं."

लीया त्याच्या डोक्याशी बसली होती, मोडका हात मांडीवर ठेवून. लहानपणी कान दुखला की तो याच आवाजात हाक मारायचा. तिनं कपातून त्याला पाणी पाजलं. त्याची बोटं खरंच निळी पडली होती.

"ब्लांच, थोडी ऊठ. त्याचा वेढा सैल करते. एकच."

"लीया, नको."

"माझं पोर आहे ते."

ब्लांच जराशी उठली. लीयानं डाव्या हातानं वेढा सरकवला मात्र, त्यानं हिसका देऊन हात सोडवला, ब्लांचच्या हाताला चावा घेतला आणि एफीला पायांवरून झटकून, सरपटत जाऊन कोरीनचा घोटा धरला. ब्लांचच्या हाताचं मांस लोंबत होतं. कोरीन दुसऱ्या पायानं त्याच्या तोंडावर मारत होती आणि तो तिला जवळ ओढत होता. त्याच्या डोळ्यांत रडण्याचा मागमूस नव्हता.

लीया गुडघ्यांवर सरकत गेली आणि तिनं सळईनं त्याची बोटं ठेचली. तरी त्यानं घोटा सोडला नाही, तेव्हा पुन्हा ठेचली. मग तो सुटला. ब्लांच आणि ट्रीफेना दोघी त्याच्यावर पडल्या. यावेळी वेढे लीयानं स्वतः आवळले, एक टोक दातात धरून.

त्यानंतर तो वचनं देऊ लागला. दारू सोडीन, नवीन घर बांधीन, आई तू म्हणशील तसं. लीया ऐकत होती. तिचा नवराही आधी धमकवायचा, मग रडायचा, मग वचनं द्यायचा, आणि त्या वचनांवर तिनं अख्खा संसार केला होता.

"पाणी हवं तर देईन," ती म्हणाली. "दुसरं काही मागू नकोस."

मग एफीनं जमिनीवरची एक टोपी उचलली, सुई शोधली आणि पुन्हा गारलंडच्या पायांवर बसून विणायला लागली. ब्लांचनं तिच्याकडे पाहिलं.

"काय करू मग?" एफी म्हणाली. "पेटी सकाळी जायचीच आहे."

अंधारून आलं तेव्हा पोलीस पोचले. त्यातल्या तरुण पोलिसानं गारलंडची बोटं पाहिली, गुडघा पाहिला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

कोरीन काही बोलणार तेवढ्यात लीया उठली. "मी. याची आई."

कोरीनला त्या बोटीनं जाता आलं नाही. तुटलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती, तिला विमानानं न्यावं लागलं. बरी झाल्यावर ती परस्पर बहिणीकडे गेली. गारलंडला शिक्षा झाली. साक्ष द्यायला लीया गेली, आणि तेव्हापासून तिचा दीर हेडली तिच्याशी बोलेनासा झाला. "पोराला मारायचं तर घरात मारायचं होतं," तो दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला. "पोलिसांना द्यायचं नव्हतं." लीयानं आपलं पीठ घेतलं आणि घरी आली.

उन्हाळा संपता संपता गारलंड शिक्षा भोगून बोटीनं परत आला. लीया धक्क्यावर उभी होती. तो लंगडत उतरला, वाळला होता.

"हात कसा आहे?" त्यानं विचारलं.

"वाकडा."

"ती कुठे आहे?"

"सांगणार नाही."

तो पाण्याकडे बघत राहिला. लीयाला भीती वाटत होती. चारचौघांत, भर उन्हात, स्वतःच्या पोराची भीती. ती बोट बांधायच्या खुंटाला टेकून उभी राहिली.

"घरी येऊ, आई?"

"नाही," ती म्हणाली. "हेडलीकाकाकडे झोप. जेवायचं ताट मी पायरीवर ठेवत जाईन. दार वाजवायचं नाही."

मग त्यानं पिशवी खांद्यावर टाकली आणि हेडलीच्या घराची चढण चढू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत लीया तिथेच उभी राहिली, आणि मग बटाटे उकडत टाकायला घरी गेली.