तिरुविडैमरुदूरचं मोंझा

अप्पारावांच्या तोंडात विड्याचा तोबरा होता, आणि त्या तोबऱ्यातूनच ते मेलेल्या माणसांबद्दल बोलत होते.

"ऐंशीच्या वर मेले म्हणतात. बरं, मेले. पण मी पुसतो, रस्ता तिथं अरुंद ठेवला कुणी? गाड्या पेट्रोल भरायला थांबतात तिथंच रुंदी नाही, मग हाकणाऱ्यानं करावं काय?" एवढं बोलून त्यांनी ओट्यावरून खाली गटारात लांब लाल पिंक टाकली.

सन पंचावन्नचा जून महिना होता. फ्रान्समध्ये ल मां इथं शर्यत चालू असताना एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत कोसळल्याची बातमी कुंभकोणमला इंग्रजी पेपरातून येऊन पोचली होती. ती शर्यत फॉर्म्युला वनच्या गाड्यांची नव्हती, पण मर्सिडीज आणि फेरारी यांचं वैर तिथंही होतंच, आणि अप्पारावांच्या ओट्यावर त्या वैराखेरीज कशाला किंमत नव्हती.

"मर्सिडीजनं रात्री गाड्या काढून घेतल्या," राजगोपाल कळवळून म्हणाला. "पुढे होतो आम्ही. पुढे!"

"पळाले म्हण की," सुंदर हसला.

ओट्याच्या कडेला बसलेल्या सेतुरामानं कॉफीचा पेला खाली ठेवला. पेपरात त्या प्रेतांचा फोटो होता, चादरी टाकलेल्या. राजगोपालनं त्याच पानावर भजी ठेवली होती.

तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा तिथं गेला. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सेतुरामाला त्या गावात दुसरं जाण्यासारखं ठिकाण नव्हतं. तंजावर दरबाराबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी मोजकीच घरं त्या भागात उरली होती. बाहेर सगळा दिवस तमिळ, आणि संध्याकाळी या ओट्यावर आपली भाषा. अप्पारावांचा पुतण्या मद्रासला एका इंग्रज कंपनीत होता. साहेब लोकांनी वाचून टाकलेली मोटारींची मासिकं तो गठ्ठा बांधून पाठवी. त्या चौघांपैकी कुणीही शर्यतीची गाडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण मासिकात शर्यतीच्या रस्त्याचा नकाशा आला, की सेतुराम खडूनं तो ओट्याच्या फरशीवर मोठा करून काढी. बेल्जियममधल्या स्पाचा उतार, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची जंगलातली वळणं. मग कुठं वळण फार आखूड आहे, कुठं रस्ता रुंद हवा होता, पुढच्याला गाठायची जागा कुठं, यावर वाद सुरू होई. सेतुरामाला कोण जिंकलं यात फारसा रस नव्हता. एखादी वळणदार रेघ हातातून सुटताना त्याला बरं वाटे, एवढंच.

सुंदर आणि राजगोपाल मावसभाऊ. दोघांची एकेक बस कुंभकोणमहून तिरुविडैमरुदूरवरून आडुतुरैपर्यंत धावे. सुंदरनं आपली बस फेरारीसारखी लालभडक रंगवली होती. त्यावर राजगोपालनं आपली मर्सिडीजसारखी रुपेरी करून घेतली. गावातल्या लोकांना वाटलं, नवरात्रासाठी रंगवल्या असतील.

ऑक्टोबरात मोंझाचं मासिक आलं. इटलीतल्या मोंझाला त्या वर्षी कडेला भिंतीसारखी चढत गेलेली नवी वळणं बांधली होती. त्या वळणांवर टायर टिकेनात म्हणून फेरारीला नव्यानं मिळालेल्या गाड्या उतरवताच आल्या नाहीत, आणि मर्सिडीज पहिली, मर्सिडीज दुसरी.

"हे वळण मर्सिडीजसाठीच बांधलं," सुंदर तणतणला. "सपाट रस्ता असता तर दाखवलं असतं."

"सपाट रस्त्यावर काय दाखवतोस? आडुतुरैच्या रस्त्यावर तुझी लाल बस रोज माझ्या मागून येते," राजगोपाल म्हणाला.

अप्पारावांना हे फारच आवडलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "सेतुराम, काढ रे आडुतुरैचा रस्ता. बघू दे, गाठायची जागा कुठं."

सेतुरामानं हसत हसत काढला. तिरुविडैमरुदूरच्या अलीकडे कालव्याला लागून रस्ता डावीकडे मुरडतो. त्या जागी अप्पारावांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आपलं मोंझा."

पुढच्या रविवारी सेतुराम मेव्हणीकडे आडुतुरैला निघाला होता. स्टँडवर लाल बस आणि रुपेरी बस एकमेकींना खेटून उभ्या होत्या, दोन्ही गच्च भरलेल्या. लाल बसमध्ये पुढच्या बाकावर अप्पाराव बसले होते आणि त्यांच्या हातात घड्याळ होतं, बटण दाबून चालू-बंद करायचं. ड्रायव्हर कृष्णमूर्तीच्या शेजारी सुंदर उभा होता.

"हे काय?" सेतुरामानं पुसलं.

"बस तू. मजा बघ," सुंदर म्हणाला.

दोन्ही बस एकदमच सुटल्या. गावाबाहेर पडेपर्यंत सेतुरामाला वाटलं, चाललीय नेहमीची चढाओढ. मग रुपेरी बस पुढे गेली आणि सुंदर ड्रायव्हरच्या कानाशी ओरडायला लागला. मागे एक बाई मुलाला घट्ट धरून देवाचं नाव घेत होती. कोंबड्यांची टोपली बाकाखालून घसरत पुढे आली.

"सुंदर, माणसं आहेत आत," सेतुराम उठून म्हणाला.

"खाली बैस!"

कालव्याचं वळण दिसलं. कापणीचे दिवस. रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर कुणीतरी भात वाळत घातलं होतं, पिवळं, लांबच लांब. एक बाई पाठमोरी वाकून लाकडी फावडीनं ते उलटंपालटं करत होती. उजव्या अर्ध्यातून रुपेरी बस चालली होती.

"मालक, भात आहे. बाई आहे," कृष्णमूर्ती तमिळमध्ये म्हणाला. त्याचा पाय ब्रेककडे गेलेला सेतुरामानं पाहिला.

"ती बाजूला होईल. आतून घाल! हेच मोंझा, आतून घाल म्हणतो ना!" सुंदरनं त्याचा खांदा दाबला.

कृष्णमूर्तीनं बस भातात घातली. चाकं दाण्यांवरून घसरली, बस आडवी झाली, बाईनं वळून पाहिलं, आणि मग एक मऊसा आवाज आला. सेतुरामाला तो आवाज पुढं बरेच दिवस जेवताना ऐकू येई आणि तो ताटावरून उठे. बस चिंचेच्या बुंध्याला घासून थांबली.

अलमेलू तिचं नाव. कुळानं शेती करणाऱ्या घरातली, चाळिशीची. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता आणि रक्तात भाताचे दाणे चिकटले होते. सेतुराम आणि कृष्णमूर्तीनं तिला उचललं. मागून आलेल्या एका डॉक्टरांच्या मोटारीत घालून सेतुराम तिला कुंभकोणमच्या सरकारी दवाखान्यात घेऊन निघाला. दार लावताना त्यानं पाहिलं, अप्पाराव रस्त्यात उभे राहून घड्याळाकडे बघत होते.

"वळणापर्यंत आपण गाठलं होतं हो," ते सुंदरला सांगत होते. "घड्याळ खोटं बोलायचं नाही."

संध्याकाळी सेतुराम दवाखान्यातून परतताना अप्पारावांच्या घरावरून आला. धोतरावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. ओट्यावर तिघे बसले होते. फरशीवर खडूनं कालव्याचं वळण काढलेलं होतं, वेडंवाकडं, कारण काढायला सेतुराम नव्हता. दोन चौकोन म्हणजे बस, आणि त्यांच्यापुढे एक फुली.

"बरं झालं आलास," सुंदर म्हणाला. "हे जरा नीट काढून दे. हा म्हणतो, मी आत शिरलो तेव्हा हा पुढे होता. पुढे कसा? बाई इथं होती, ही फुली. मग मी कुठं असेन?"

"फुली आणखी अलीकडे," राजगोपाल म्हणाला. तो दुपारी आडुतुरैला पोचून, जिलबी वाटून परत आला होता. जिलबीचा पुडा मध्येच पडलेला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

"खरी चूक वळणाची," अप्पाराव निवाडा दिल्यासारखे म्हणाले. "आतली बाजू उतरती आहे. तिथं कुणीही घसरणार. सरकारनं रस्ता बांधताना..." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल रस ओघळला. तो त्यांनी बोटानं पुसला आणि तेच बोट फुलीवर ठेवलं.

सेतुराम ओट्याच्या खांबाला धरून गटारावर वाकला आणि ओकला. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी आलं. उठला तेव्हा तिघे त्याच्याकडे किंचित किळस आल्यासारखे बघत होते.

"पोलिसांत मी सांगणार आहे," तो म्हणाला. "तू कृष्णमूर्तीला काय म्हणालास, ते."

सुंदरचा चेहरा बदलला. "तू? आपल्या माणसाविरुद्ध? आपली भाषा बोलणारी किती घरं उरली आहेत या गावात?"

"ही भाषा तुझ्या तोंडून ऐकली, की मजला घाण वाटते," सेतुराम म्हणाला.

घरी अंबुजानं, त्याच्या बायकोनं, धोतर पाण्यात टाकलं. पाणी लालसर झालं तेव्हा म्हणाली, "जगेल का ती?"

"जगेल. पाय राहणार नाही म्हणतात."

पाय राहिला, पण वाकडा आणि आखूड. आठवड्यानं सेतुराम भेटायला गेला तेव्हा अलमेलू खाटेवर बसून होती. तिला कळून घ्यायचं होतं, बस तशी का धावत होती. आत कुणी बाळंतीण होती का? कुणी मरायला टेकलं होतं का?

"नाही," सेतुराम म्हणाला. आणि मग त्याला सांगणं भाग पडलं. परदेशात मोटारींच्या शर्यती होतात. एका कंपनीच्या लाल गाड्या असतात, एकीच्या रुपेरी. या दोघांना त्या कंपन्या आवडतात. इटलीत मोंझा म्हणून एक जागा आहे, तिथल्या रस्त्याला वळण आहे. वर्षभर त्यानं चवीचवीनं उच्चारलेले शब्द एकेक करून तोंडातून बाहेर पडत होते, आणि नासक्या खोबऱ्याचा तुकडा दाताखाली यावा तसं त्याला होत होतं.

अलमेलूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "त्या गाड्यांचे मालक यांचे कोण लागतात?"

"कुणी नाही."

"यांनी त्या पाहिल्यात?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही. मी त्या रस्त्याचं चित्र काढून दिलं होतं."

तिनं मान फिरवली आणि खाटेशेजारच्या पिकदाणीत थुंकली. "थू," एवढंच म्हणाली. तो उठून आला.

खटला उभा राहिला. त्याआधी अप्पाराव दोनदा घरी येऊन गेले. रस्ता वाहनांसाठी आहे, भात वाळवायला नाही, बाईचीच चूक, एवढं म्हण, असं त्यांचं सांगणं होतं. दुसऱ्या वेळी अंबुजानं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं आणि ते बसले होते ती जागा पाणी टाकून धुतली.

सेतुरामानं कोर्टात पाहिलं ते सांगितलं. सुंदरच्या वकिलानं त्याला विचारलं, आडुतुरैच्या रस्त्याचा नकाशा खडूनं कुणी काढला होता? "मी," तो म्हणाला. कोर्टात हशा पिकला. शेवटी कृष्णमूर्तीला शिक्षा झाली आणि त्याचं लायसन गेलं, कारण स्टिअरिंगच्या चक्रावर हात त्याचे होते. सुंदरला ताकीद मिळाली, आणि त्याची बस काही काळ बंद राहिली. राजगोपालचं नाव कुठंच आलं नाही. बाहेर पायऱ्यांवर दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. राजगोपाल सांगत होता की मर्सिडीज आता शर्यतीतून निघून गेली, आता पाठीराखा व्हायचं तरी कुणाचं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

सेतुराम तिथून थेट शाळेत गेला. बड्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे, त्याचा आधीपासून लकडा चालू होता. शाळेच्या फाटकाशी बसायला एक बाई हवी होती, मुलींना आत-बाहेर सोडायला. चिखलात उभं राहून भाताचं आवण लावणं अलमेलूला आता शक्य नव्हतं. बड्या बाईंनी तिला ठेवून घेतली.

ती रोज तिरुविडैमरुदूरहून पहिल्या आगगाडीनं येई. स्टेशनपासून काठी टेकत चालत येई, पण बसमध्ये चढत नसे. मुलींना ती लवकरच आवडू लागली. ती त्यांच्या वेण्यांतली फुलं सारखी करून देई, उशिरा येणाऱ्यांना खोटं रागावे. सेतुराम आत शिरला की मात्र ती दुसरीकडे बघे. तो हात जोडी, ती उत्तर देत नसे. बाकीचे मास्तर म्हणत, तुम्हीच हिला इथं आणलंत आणि हिला तुमचीच अढी.

"राहू द्या," सेतुराम म्हणे, आणि चपला काढून वर्गात जाई.