मास्तरांच्या पँटची आतली शिवण

"आकड्याच्या नादी लागू नका," डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. "तुमच्या वडिलांच्या पोटात गाठ होती, तेव्हासुद्धा रक्तातला कॅन्सरचा मार्कर नॉर्मलच होता. काहींची गाठ रक्तात चाहूलच लागू देत नाही. मार्कर वाढला तर धावत या. पण नाही वाढला म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांचं वजन करत जा आणि ताटात किती उरतं ते बघा."

तिने मान डोलावली. कडेवरची चिमणी डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत होती. तिची बोटं सोडवता सोडवता अर्धं ऐकलं गेलं, उरलेलं अर्धं तिने कानाआड केलं. बाहेर आल्या आल्या नवऱ्याला म्हणाली, बाईंना घाबरवायची सवयच आहे.

तशी ती निष्काळजी नव्हती, उलट काळजीनेच पोखरलेली होती. चिमणी झाल्यापासून तर नुसती शिंक ऐकली तरी तिचा हात थर्मामीटरकडे जायचा. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली. धास्तीच्या हातात एक आकडा ठेवला की ती खुळखुळा मिळालेल्या पोरासारखी गप्प बसते, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

वडील शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. जठराचा मोठा भाग काढून टाकल्यावर, औषधांचे डोस संपल्यावर ते पुन्हा तळमजल्यावरच्या दुकानात मशीनवर बसायला लागले. वरच्या मजल्यावर लेक, जावई आणि नात. ठरल्या वेळी रक्त जायचं, मार्कर नॉर्मल यायचा आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. मग सगळ्या नात्यागोत्यात फोन. बाबा पास झाले.

"नापास व्हायची सोयच ठेवली नाहीस तू," मास्तर खालून म्हणायचे, आणि ती हसायची.

एकदा त्यांनी सांगितलं, घास छातीखाली अडकल्यासारखा होतो. तिने कपाटातून रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे धरला. ताजा होता. मनाचे खेळ आहेत, बाबा, म्हणाली. मास्तरांनी चष्मा लावून कागद वाचला, घडीवर घडी बसवून परत दिला. त्यानंतर ते याबद्दल बोलले नाहीत. काम फार आहे म्हणून ताट खालीच मागवू लागले. ताट वर यायचं ते घासूनपुसून लख्ख. बाबांचा केवढा हा नीटनेटकेपणा, असं तिला वाटे.

दर रविवारी ती चिमणीला वजनाच्या काट्यावर बसवायची. मास्तर दारात उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, मलाही बसव की काट्यावर. तुमचा रिपोर्ट आहे ना, ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

नवऱ्याने एकदा चाचरत विचारलं, बाबा उतरलेत का गं? तिने निरखून पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायचे, ते तिला चांगलं आठवत होतं. आता शर्टाचे खांदे जागच्या जागी, पँट कमरेला चपखल. वय झालं, दुसरं काय, ती म्हणाली.

मग एका दुपारी चिमणीने आजोबांच्या पँटवर दूध सांडलं. धुवायला टाकताना तिने पँट उलटी केली. मागच्या शिवणीत बोटभर कापड आत दडपलेलं होतं आणि त्यावर सुईच्या जुन्या भोकांच्या रांगा होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. शिंप्याचीच पोर ती. उसवलेली शिवण भोकं मागे ठेवते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने बाबांच्या कपाटातल्या सगळ्या पँटी काढून उलट्या केल्या, मग शर्ट. घरभर कपड्यांचा ढीग, आणि एकही सुटला नव्हता.

ती पँट घेऊनच खाली गेली. मास्तर सुईत दोरा ओवत होते.

"कधीपासून, बाबा?"

त्यांनी पँटकडे पाहिलं आणि दोरा खाली ठेवला. "शिंपीच ढगळ कपडे घालून बसला तर गिऱ्हाईक माप द्यायला येईल का?"

तिला हसू आलं नाही.

"सांगितलं होतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "तू कागद काढलास. एक तर घास उतरत नव्हता, त्यात तुझ्या कागदाशी कुठे भांडत बसू?"

तपासण्या झाल्या. आजार पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आता पुन्हा ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाल्या. औषधं देऊ, त्रास कमी करू, पण पुढच्या वर्षाचे बेत आखू नका. आधी आले असते तर? तिने विचारलं. थोडा जास्त वेळ मिळाला असता कदाचित. किती, ते नाही सांगता येत. रक्ताचा नवा रिपोर्ट त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला. मार्कर नॉर्मल होता. तिने त्याला हात लावला नाही.

आता ती रोज खाली जेवते, बाबांच्या समोर बसून. चार घास जातात. काटाही आता दुकानातच ठेवलाय. वरातीमागून घोडं. मास्तर चिमणीसाठी एक फ्रॉक शिवतायत, आत भरपूर कापड दुमडून, ती वाढेल तसा उसवून मोठा करता यावा म्हणून. कुठून उसवायचं, नवी टीप कुठे घालायची, ते त्यांनी लेकीला दाखवलं. यावेळी तिने मान डोलावली नाही. पुन्हा दाखवा, म्हणाली.

आणि भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही तेच सांगणं आहे. तब्येतीची चौकशी केली की घरचे ज्याच्याबद्दल आधी रिपोर्ट चांगला आल्याचंच सांगतात, असं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेल. त्याच्याकडे एकदा जाऊन या. फोन नको, फोनवर सगळेच बरे असतात. जेवायच्या वेळेला जा आणि समोर बसा. तो म्हणेल, माझं मघाशीच झालं. उठू नका.