एकोणीस जूनची पंगत

मित्रांनो, टेक्सासमध्ये ब्राझोस नदीच्या उताराजवळ, चर्चमागच्या पेकनच्या झाडाखाली तीन पायांचा काळा हंडा आहे ना, तो मी. सध्या माझ्या पोटात पालापाचोळा आहे.

भट्टीतलं वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी जन्मलो. जहाजातून, मग बैलगाडीतून कापसाच्या मळ्यावर आलो. तिथे डायसी माझ्यात मालकाचे कपडे उकळायची. मालक माझा होता, तसाच तिचाही. मला मात्र कुणी लेकरापासून तोडलं नव्हतं. तिची विनी दुधाचे दात पडायच्या आत विकली गेली होती.

रविवारी पहाटे, धुकं दाट असताना, मळ्यावरचे गुलाम मला झाडीत नेत. जमिनीवर उपडा ठेवत आणि भोवती बसून हळूच प्रार्थना करत. आवाज हंड्यात शिरतो, मालकाच्या घरापर्यंत जात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मी खरंच आवाज गिळत होतो का, कोण जाणे. त्या धुक्यात झाडं, माणसं, नदी सगळं तरंगल्यासारखं वाटायचं. डायसी माझ्या अंगाला कपाळ टेकवून विनीचं नाव घ्यायची, आणि तिचा श्वास कितीतरी वेळ माझ्याजवळ उबदार राहायचा.

मग १८६५ चा जून आला. प्राइमस नावाचा गाडीवान मालकाचा कापूस घेऊन गॅल्व्हेस्टन बंदरावर गेला होता. तो परतला तो थेट आमच्याकडे आला.

"डायसी, विस्तव काढ."

"का म्हणून? चादरी व्हायच्यात अजून."

"राहू देत तशाच. गुलामी संपली, आपण सुटलो. एकोणीस तारखेला सैनिकांनी सरकारी हुकूम मोठ्यानं वाचला. या कानांनी ऐकला मी."

डायसी हसली नाही, रडलीही नाही. वाफेकडे बघत राहिली.

"म्हणजे माझी विनीपण सुटली?"

"सगळेच सुटले की."

"मग ती मला शोधेल. पण कुठे शोधेल रे?"

मळा सोडताना तिने मला मजुरीपोटी मागून घेतलं. पुढच्या वर्षी एकोणीस जूनला तिने मला नदीच्या उताराशी चुलीवर चढवलं. "दर वर्षी हाच दिवस, हीच जागा," ती सगळ्यांना सांगायची. "हरवलेल्याला ठाऊक हवं, कुठे यायचं ते." आमच्याकडे या सणाची सुरुवात अशी झाली. माझ्यात डुकराच्या मांसाचा रस्सा रटरटायचा. शेजारी मक्याची भाकरी आणि लालभडक सरबत. लोक ठेवणीतले कपडे घालून येत आणि खुल्या गळ्याने गात.

प्राइमस दरवर्षी चिडवायचा, "डायसी, माणसं येवोत न येवोत, रस्सा मात्र खारट झालाय."

"मग तिसऱ्यांदा कशाला वाढून घेतोस, मेल्या?"

एका वर्षी रांगेत एक अनोळखी तरुणी उभी राहिली. पाय धुळीने माखलेले. डायसीने डाव उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "तू कुणाची गं?"

"तेच विचारायला आलेय, मावशी."

डायसीचा डाव हवेतच थांबला. "नाव काय तुझं?"

"सॅब्रा. बाबा गाडी हाकायचा, मला पुढ्यात बसवायचा. तेवढंच आठवतं."

विनी नव्हती ती. डायसीने क्षणभर डोळे मिटले. मग पंगतीकडे वळून खणखणीत आवाजात हाकारलं, "सॅब्रा आलीय! गाडीवानाची सॅब्रा! कुणाची आहे?"

पलीकडच्या टोकाला एक ताट खाली पडलं. प्राइमस उभा राहिला होता. आपल्याला लेक होती, हे त्याने इतक्या वर्षांत कुणाला सांगितलंच नव्हतं. तो चालत आला की तरंगत, मला कळलं नाही.  खाली बसून त्याने तिच्या पायांवरची धूळ पुसायला घेतली.

डायसीने दोन ताटं वाढली. बाहीने डोळे टिपले आणि रांगेला म्हणाली, "चला, पुढे सरका. रस्सा निवतोय."

विनी कधीच आली नाही. डायसी मात्र हात चालत होते तोवर दर एकोणीस जूनला चूल पेटवत राहिली.

आता मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक होतो, माझी आठवण कुणाला होत नाही. मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. पाला काढा, तेलाचा हात फिरवा आणि सणाला चुलीवर चढवा. पंगतीला कुणी अनोळखी आलं, तर आधी ताट वाढा. मग नाव विचारा आणि ते मोठ्याने हाकारा. कुणाचा तरी घास त्या नावासाठी अडलेला असेल.