राखणदाराचं अंडं

आमच्या बागेत साप आहे, ही बातमी सोसायटीत पसरवली ती आमच्याच घरातल्या माणसाने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आणि तीही कौतुकाने.

बाग म्हणजे लालबागमधल्या आमच्या जुन्या इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली मातीची पट्टी. आम्ही तळमजल्यावर, त्यामुळे तिची उस्तवार आमच्याकडे. अळू, हळद, कढीपत्ता, थोडी अबोली. दिवसभर शाळेत वर्गभर पोरांना विज्ञान शिकवून आले की मला त्या मातीत हात घालायचे असतात. नाही घातले तर मी घरात सगळ्यांवर खेकसते. ती बाग मला हवीच आहे, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

गणपती झाल्यावर अळूच्या बुंध्याशी मोठी बिळं पडायला लागली. सासूबाईंनी ती पाहिली आणि हात जोडले.

"अगो अक्षता, तो राखणदार आसा. तेका डिवचू नको."

कोकणात प्रत्येक जागेची राखण करणारा कुणीतरी असतो आणि तो कधी कधी सापाच्या रूपात दर्शन देतो, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हापासून रोज संध्याकाळी बिळाशी दुधाची वाटी आणि एक अंडं जायला लागलं. सकाळी दोन्ही फस्त. बाई खूश. वरच्या मजल्यांवरच्या बायकांना त्यांनी बोलावून बोलावून रिकामी वाटी दाखवली.

सेक्रेटरी हितेंद्र पेडणेकरच्या हातात त्यांनी आयतं कोलीत दिलं. हा माझ्या नवऱ्याचा, अजितचा, लहानपणापासूनचा दोस्त. त्या पट्टीवर स्कूटर लावायची जागा करायची, हे त्याच्या डोक्यात कधीपासून होतं.

"वहिनी, पोरं खेळतात इथे. साप म्हणजे रिस्क ना," तो दारात येऊन म्हणाला. "रविवारी माती काढून पेव्हर ब्लॉक टाकतोय. कमिटीत फायनल झालंय."

अजितने मान डोलावली. तो सगळ्यांसमोरच डोलावतो.

"काढून दाखव," मी म्हटलं.

मुळात साप बीळ खणत नाही, दुसऱ्याच्या बिळात घुसतो. इथे बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग होता. अळूचे कांदे कुरतडलेले होते, आणि साप काही अळूचं फदफदं खात नाही. पानांखाली अंड्याच्या टरफलांचे तुकडे सापडले. साप अंडं आख्खं गिळतो. तरी पुरावा हवा म्हणून संध्याकाळी मी सगळी बिळं मातीने बुजवली आणि भोवती सासूबाईंच्या डब्यातली रांगोळी पसरली. सकाळी एक बीळ पुन्हा उघडलेलं होतं. रांगोळीवर बोटांचे ठसे होते आणि मधून शेपटीची रेघ.

"आई, सापाला बोटं असतात का?"

"देवाक सगळा आसता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग मी पिंजरा आणला, त्यात भाजलेला बोंबील लावला आणि त्या दिवशी दूध-अंडं बंद ठेवलं. बाई माझ्याशी बोलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात मांजराएवढी घूस बसलेली होती, आमच्या अंड्यांवर पोसलेली, तुकतुकीत. सासूबाईंनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

"मेली ही माझी अंडी खाय होती?"

त्यांचा चेहरा इतका पडला की मला कसंसंच झालं. आपलं खरं झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं वाटलं नाही. महापालिकेचा माणूस पिंजरा घेऊन गेला तेव्हा त्या घरातच बसून राहिल्या. पण दुपारी स्वतःच बाहेर आल्या. मी बिळात सळई घालून बघत होते. सळई भिंतीच्या कडेने गेली ती थेट शेजारच्या जुन्या पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली, जिथे जमीन खचून हितेंद्रची स्कूटर वाकडी उभी असते तिथे. आम्ही दोघींनी मिळून बिळात फुटक्या काचा आणि सिमेंट भरलं आणि गटाराच्या तोंडाला जाळी बसवली. वरच्या खिडक्यांतून खरकटं टाकणाऱ्यांचा उद्धार सासूबाईंनी केला. ते काम मला जमलं नसतं.

रविवारी हितेंद्र फावडीवाली माणसं घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं.

"घूस तर जास्तच डेंजर, वहिनी."

"ती तुझ्या ब्लॉकखालीच राहत होती. जा, तुझी स्कूटर बघून ये."

"कमिटीचं ठरलंय. आणि आता राखणदारपण नाही म्हणता, मग प्रश्नच मिटला."

तेवढ्यात सासूबाई हातात नारळ घेऊन बाहेर आल्या आणि अळूच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"राखणदार नाय म्हणतंस? मगे मी आसंय."

डोळे मिटून, वरच्या गॅलऱ्यांपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, जशी ती घूस भायर काढलंस, तशी ह्या झाडांवरची इडापिडा भायर काढ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गॅलऱ्यांतून आवाज आला. अजितने या वेळी नुसती मान डोलावली नाही, तोंडही उघडलं.

"आणि जो कोण ही माती उकरूक इलो आसात, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात हितेंद्रही होता. जन्मभर दर गणपतीत गाऱ्हाण्याला उभं राहिलेला माणूस, त्याचे हात आपोआप जुळले होते. आपण काय मागून बसलो हे लक्षात आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही, पण नजरही वळवली नाही. देवाला होय म्हटल्यावर फावडं उचलायची मालवणी माणसाची हिंमत होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याने माणसांना जायला सांगितलं.

"नारळ फोड," सासूबाई त्याला म्हणाल्या. त्याने मुकाट्याने फोडला.

खोबऱ्याचा पहिला तुकडा घेऊन त्या सवयीने बिळाच्या दिशेने निघाल्या. मी त्यांचा हात धरला.

"तिथे नको, आई."

त्या थांबल्या. मग तो तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि मला हात जोडले.